प्रदर्शनातला फळा

ती कोर्टात शिरली तेव्हा न्यायाधीशसुद्धा खुर्चीत सावरून बसले. हे मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोघं एकाच टेबलावर काम करायचे. पुढे ती परदेशी कंपनीत गेली, रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाने जगभर गाजली. मास्तर कॉलेजातच राहिले, मुलांना तिचंच औषध शिकवत.

औषधाचं पेटंट कंपनीकडे होतं. किंमत ऐकूनच पेशंटला घाम फुटायचा. इथले कारखाने तीच गोळी स्वस्तात बनवायला तयार होते, तर कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. कारखान्यांच्या बाजूने साक्ष द्यायला मास्तर आपणहून पुढे झाले. पेशंटच्या कळवळ्यापोटी, असं त्यांनी घरी सांगितलं. बायको नुसती हसली.

साक्षीत मास्तर आडवळणाने बोललेच नाहीत. पेटंटचा अर्ज होण्याच्या कितीतरी आधी हिने या औषधाचा रेणू कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात फळ्यावर काढून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावला होता. चारचौघांत आधीच दाखवलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. मास्तरांनी खडूचे रंगसुद्धा सांगितले. शेजारच्या त्यांच्या स्वतःच्या तक्त्याकडे त्या दिवशी कुणी फिरकलंही नव्हतं, तेवढं मात्र गिळलं.

पुरावा काय, तर या गृहस्थांची आठवण, असं म्हणून कंपनीचा वकील हसला. मग न्यायाधीशांनी शपथेवर तिलाच विचारलं. तिची फजिती डोळे भरून बघायला मास्तर पुढे सरकून बसले.

"हो," ती म्हणाली. "काढला होता. अगदी असाच."

वकिलाचा चेहरा पडला. पेटंट आता टिकत नव्हतं आणि तिची नोकरीही. मास्तरांना खरं तर आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण तिचा चेहरा परीक्षा संपलेल्या पोरीसारखा मोकळा दिसत होता. मास्तरांना त्याचाही हेवा वाटला.

जिन्यात तिनेच त्यांना गाठलं. कंपनीने करार करून तिचं तोंड बांधून ठेवलं होतं. कोर्टात शपथेवर कुणी विचारलं, तरच तिला खरं बोलता येणार होतं. त्यासाठी तो फळा आठवणारं कुणीतरी कोर्टात यायला हवं होतं.

"आणि मी आलोच नसतो तर?" मास्तरांनी विचारलं.

"तू येणार हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "माझं चांगलं झालेलं तू कधी विसरला आहेस का?"