फळीवरची शेवटची प्रत

ते एक गाणं हाती लागलं असतं, तर एगबर्टला अर्धं किंग्स्टन परत मिळणार होतं. शनिवारच्या नाचाची गर्दी, बिअरचा खप आणि मुख्य म्हणजे हायसिंथ. ती हल्ली त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या, क्लोव्हिसच्या अंगणात नाचायची. क्लोव्हिसचे स्पीकर फुटके, सुई बोथट. पण ते गाणं त्याच्याकडे होतं. कुणाचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रेकॉर्डवरचं लेबल त्याने खरवडून काढलं होतं. नाचाला रेकॉर्ड वाजवणाऱ्या दुसऱ्या साउंडवाल्याला नाव कळलं, तर तोही विकत आणेल ना!

महिनाभर जळफळत एगबर्टने रेकॉर्डची सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी उरलं कोपऱ्यावरचं, मिस आयव्हीचं. तिथे त्याने चाल गुणगुणून दाखवली.

"घसा बसलाय, की क्लोव्हिसच्या गर्दीने पोटात दुखतंय?" मिस आयव्ही म्हणाली.

"हसा तुम्ही. सगळी गल्ली नाचते ह्या गाण्यावर. एकेका रात्री पाच-पाच वेळा लावतो मेला."

खिडकीपाशी बसलेले मास डेलवर्थ उठले. म्हातारा गवंडी, म्हणून सगळे मानाने 'मास' म्हणायचे; हातांना चुना. ते दर शुक्रवारी यायचे, "गेली का हो माझी?" एवढंच विचारायचे, आणि "नाही हो" ऐकून घरी जायचे. आज त्यांनी काही विचारलं नाही. गाण्याची पुढची ओळ गायले. आवाज तोच होता, फक्त थकलेला.

"पाच वेळा?" त्यांनी विचारलं. "खरंच नाचतात?"

मिस आयव्हीने वरच्या फळीवरून रेकॉर्ड काढली. "अकरा वर्षांपूर्वी दोन ठेवल्या होत्या ह्यांनी. एक नाताळात जुन्या ढिगाबरोबर चुकून फुकटात गेली. क्लोव्हिसनेच नेली असणार. ती सोडली, तर जगात आता ही एकच."

एगबर्टने घाईघाईने शिलिंग काढलं. मास डेलवर्थनी त्याचा हात धरला.

"अरे, तू माझं पहिलं गिऱ्हाईक! तुझ्याकडून पैसे घेऊ?" त्यांनी मिस आयव्हीच्या हातावर स्वतःचे पैसे ठेवले. मग रेकॉर्डवरची धूळ बाहीने पुसली. लेबलावरचं 'डेलवर्थ पिनॉक' स्पष्ट दिसू लागलं. "फक्त शनिवारी लावताना माईकवर नाव सांग. बायकोला घेऊन येतो. तिला अजून वाटतं, मी थापा मारायचो."

"सांगतो की, मास डेल," एगबर्ट म्हणाला.

तो पायरीवर आला. क्लोव्हिसकडे एक, आपल्याकडे एक. नाव फुटलं, तर उद्या प्रत्येक साउंडवाला म्हाताऱ्याच्या दारात उभा राहील, त्याच्याकडून नव्याने गाऊन घेईल. आत मास डेलवर्थ मिस आयव्हीला, शनिवारी कुठला कोट घालावा, ते विचारत होते.

वाचलेलं शिलिंग एगबर्टच्या मुठीतच होतं. त्याची कड चांगली धारदार होती. त्याने 'पिनॉक'पासून सुरुवात केली.