पहिल्या गिअरमध्ये

उताराच्या तोंडाशी तिनं जीप थांबवली, हँडब्रेक ओढला आणि निम्मी वाट पायी जाऊन बघून आली. मुरूम सुटा झाला होता. मधोमध पाण्यानं चर पाडला होता. डाव्या अंगाला दरी.

"जमेल," स्टिअरिंगवर बसत ती म्हणाली. कुणाला म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक.

"नको गं," मागच्या सीटवरून आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात रस्ता मोकळा करतील की."

"गेल्या आठवड्यात पण हेच म्हणालीस. बाई काय बोलल्यात ते विसरलीस का? सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात."

मोठ्या रस्त्यावर दरड कोसळली होती. खालच्या गावात उतरायला ही डोंगरावरच्या टॉवरची जुनी वाट तेवढी उरली होती, आणि बोलायला शिकवणाऱ्या बाई खालच्या गावातच बसत.

बोलायला शिकायचं होतं वडिलांना. झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाई कपाचं चित्र दाखवायच्या, किल्लीचं दाखवायच्या. ते ओठ हलवत राहायचे, घामाघूम व्हायचे आणि शेवटी मान फिरवायचे. आता मुलीच्या शेजारच्या सीटवर पट्ट्यात जखडून ते समोर बघत बसले होते. याच वाटेनं उभी हयात त्यांनी टॉवरवर माणसं आणि सामान पोचवलं होतं. मुलीला गाडी त्यांनीच शिकवली, पण सपाटीवर. या उतारावर तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "लग्न झालं की नवऱ्याच्या जबाबदारीवर उतर," म्हणायचे.

तिनं चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा 'लो'वर टाकला. पहिला गिअर. क्लचवरचा पाय काढून बाजूला ठेवला. जीपनं नाक खाली केलं तशी समोरची वाट दिसेनाशी झाली. काचेत नुसतं आभाळ, मग एकदम झाडांचे शेंडे. आईनं डोळे गच्च मिटून घेतले.

इंजिन घुमत होतं आणि जीप त्याच्या जोरावर स्वतःला आवरत, मुंगीच्या पावलांनी उतरत होती. चर दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवायचा. वाट सोडून आडवं व्हायचं नाही. तिला सगळं पाठ होतं. घसरायला लागलं तर काय करायचं, तेही पाठ होतं.

निम्म्यावर एक दगड चाकाखालून निसटला. जीप हातभर एकदम खाली आली आणि तिचा पाय तिला न विचारता ब्रेकवर जाऊन बसला.

चाकं जागच्या जागी थिजली. जीप मात्र थांबली नाही. मुरुमावरून सरकत राहिली, आणि मग तिला पाठीमागून जाणवलं, शेपटी डावीकडे निघाली होती. दरीकडे. तिनं ब्रेक आणखी दाबला. दाबायचा नाही हे कळत होतं, पण पाय काही केल्या उचलेना.

"अहो! पोरी!" आई ओरडली.

"गाढवे, ब्रेक सोड!" शेजारून आवाज फुटला.

पाय सुटला. तिनं स्टिअरिंग शेपटीच्या बाजूला वळवलं आणि त्याच पायानं किंचित, अगदी किंचित रेस दिली. उतारावर रेस द्यायला वाघाचं काळीज लागतं. चाकं फिरली, मातीत रुतली आणि जीपची शेपटी हळूहळू रेषेत आली. मग पुन्हा तीच घुमणी, तीच मुंगीची चाल.

खाली सपाटी लागेपर्यंत तिनं ब्रेकला पाय लावला नाही.

सपाटीवर तिनं जीप थांबवली. हँडब्रेक ओढला. मग मान वळवून बघितलं. वडिलांचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे तिच्यावर रोखलेले होते आणि तोंड अजून अर्धवट उघडं होतं. आपण काय केलं ते त्यांनाही आत्ता कळत असावं.

"बाबा," ती म्हणाली, "अजून एक शिवी द्या."

त्यांनी ओठ हलवले. कपाळावर शीर उभी राहिली. 'ग'चा नुसता घरघराट आला आणि विरला. पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. त्यांनी मान खिडकीकडे फिरवायला घेतली, तशी तिनं त्यांची हनुवटी धरून चेहरा हलकेच आपल्याकडे वळवला.

"राहू द्या. एक मिळाली, पुष्कळ झाली."

मागे आई रुमालात तोंड खुपसून रडत होती. मधेच तिला हसू यायचं आणि रडणं बिघडायचं.

"रोज सकाळी पेला पुढे धरून म्हणते, नुसतं पाणी म्हणा, पाणी," ती म्हणाली. "ते नाही आलं. आणि आलं तर हे!"

"बाईंना सांगू. त्यांना आनंद होईल."

"सांगू गं."

मुलीनं दांडा 'लो'मधून काढला. पुढे गावापर्यंत सरळ, सपाट रस्ता होता. बाई वाट बघत असतील. तिनं जीप सुरू केली, तोच मागून आईचा हात पुढे आला आणि तिच्या खांद्यावर टेकला.

आईनं आधी वर, त्या उताराकडे बघितलं. मग नवऱ्याच्या मानेकडे.

"काय गं," ती हळूच म्हणाली, "परत एकदा वर जाऊन येऊ या का?"