मी इथलीच झाले

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका विहारात येऊन बसा. जवळा बाजारजवळचं छोटं गाव. वर पत्रे, खाली सतरंजी. आश्विन पौर्णिमेची सकाळ. सोयाबीनची सोंगणी अर्धा दिवस थांबवून अख्खी वस्ती पांढरे कपडे घालून आली आहे. समोर आसनावर भंते रेवत बसलेत. वय तेवीस, घर श्रीलंकेत. त्यांच्या हातात शाळेची वही आहे.

आज त्यांना मराठीत देसना द्यायची आहे, म्हणजे धम्मावर बोलायचं आहे. नांदेडहून आलेले मोठे भंते शेजारीच बसलेत. आषाढात रेवतांना इथे सोडताना त्यांनी सांगितलं होतं, की तीन महिन्यांत लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता आलं तर इथेच राहा. नाही तर मराठी येणारे दुसरे भंते देऊ.

ही अट भंतेंपेक्षा जास्त मनावर घेतली ती चौथीतल्या ऐश्वर्यानं. भंते सकाळी भिक्षापात्र घेऊन दारोदार जात, तेव्हा वस्तीतली सगळी पोरं मागे असत. दुपारी ते पोरांना पाली गाथा शिकवत. कधी अंगणातल्या मातीत काठीनं समुद्र काढून दाखवत. पोरांनी पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. असे भंते परत जाऊन कसं चालेल?

म्हणून पोरं पांगली की विहाराच्या पायरीवर दुसरी शाळा भरायची. तिथे ऐश्वर्या बाई आणि भंते विद्यार्थी. ती वाक्य म्हणायची, ते सिंहली अक्षरांत लिहून घ्यायचे आणि पाठ म्हणून दाखवायचे. चुकलं की ती पुन्हा म्हणायला लावायची. तिची आजी सोजराबाई शेजारी ज्वारी निवडत बसायची. बाकी गावाशी मात्र भंते लाजाळू. एखादा शब्द आणि एक हसू, एवढ्यावर त्यांचं भागत असे.

आता भंतेंनी वही उघडली.

"मी आषाढात इथे आले," भंते म्हणाले. "मी फार घाबरले होते."

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

"मी रोज तुमच्या दारी येते. तुमी मला भाकर देता. मी लंकेची होते. आता मी इथलीच झाले."

वस्तीतला नरसिंग मागून हळूच म्हणाला, "भंतेजी तर माहेरी आल्यावानी बोलून राहिले."

मग हसू आवरेना. पोरं हसली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण हसू थांबत नव्हतं. भंतेंचे कान लाल झाले.

ऐश्वर्याला काही कळेना. शब्द न् शब्द बरोबर होता, तिनं शिकवला तसाच. तिनं आजीला कोपरानं ढोसलं.

"अगं, आले, झाले हे आपन बायांनी म्हनायचं," सोजराबाई कुजबुजली. "बाप्या मानूस आलो म्हनतो, झालो म्हनतो."

"मग तू काहून सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं, लंकेत असंच बोलत असतील."

ऐश्वर्या स्वतः बोलायची तसंच तिनं शिकवलं होतं. भंतेंच्या बोलीत बाई असो की बाप्या, सगळे एकाच शब्दानं येतात आणि जातात. त्यांना तरी कसं कळावं?

मोठ्या भंतेंनी विचारलं, मराठी कुणी शिकवली. रेवतांनी ऐश्वर्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझेच कान कच्चे, एवढंच म्हणाले. मग त्यांनी वही मिटली आणि उरलेलं पालीत म्हणणार असं सांगितलं.

पालीत म्हणजे मराठीत नाही. मराठीत नाही म्हणजे भंते जाणार. ऐश्वर्याला ते लगेच कळलं. तिला आणखी एक गोष्ट कळली. चूक आपली आहे असं आता उठून सांगितलं, तर उद्या वर्गात सगळी पोरं आपल्यालाच हसणार.

भंते रेवत पुढे आठ वर्षं त्या विहारात राहिले. आज कुणी सांगितल्याशिवाय ते लंकेचे आहेत हे ऐकणाऱ्याला कळत नाही. पण त्या सकाळी त्यांनी वही पुन्हा उघडली ती ऐश्वर्यामुळे.

ती उठली. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढे गेली. भंतेंच्या समोर उभी राहिली, हात जोडले आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "भंतेजी, मी चुकलो."