सोनखडीच्या नाड्या

या, जवळ सरका मंडळी, सोनखडीची गोष्ट सांगते.

अणुचाचणीआधी चाचणी केंद्रात बसलेल्या मृदुलाच्या पडद्यावर गावकऱ्यांच्या नाड्या दिसत, मनगटावरच्या सरकारी पट्ट्यांतून. गावात एकही नाडी दिसली, की चाचणी थांबे. म्हणून तर गाव सोडायचा हुकूम आला तेव्हा देवळातले कीर्तनकार बुवा गावकऱ्यांना म्हणाले होते, "बसा कीर्तनाला! आपण इथं असताना बटण दाबायची कुणाची टाप आहे?"

"गाव रिकामं झालं का? वरून सारखे फोन येतायत," केंद्रात कर्नल मृदुलाला म्हणाले.

"एकही नाडी नाही, सर."

चाचणी झाली. डोंगर खचून गावावर आला.

मृदुला तिथं पोहोचली. गाडल्या गेलेल्या देवळाच्या उघड्या राहिलेल्या पायरीवर चपलांशेजारी पट्ट्या ओळीनं काढून ठेवल्या होत्या. पट्ट्या चामड्याच्या. देवापुढं चामडं घालून कोण बसेल?

कीर्तनात टाळी वाजवाल, तेव्हा त्या श्रोत्यांची आठवण ठेवा, बाबांनो.