टाक्यांना केवड्याचा वास

सकाळी प्राजक्ताची पट्टी बदलताना सुलभाताईंना केवड्याचा वास आला आणि त्यांचे हात थबकले. लेकीचं सिझेरियन होऊन आठवडाच झाला होता. पोटाचे टाके जिवंत धाग्याचे होते. जखमेत बुरशी शिरली की धाग्यातले जीवाणू तिच्यावर तुटून पडत, आणि तेव्हाच हा वास सुटे.

"आई, खरं सांग. येतोय ना वास?"

"येतोय," सुलभाताई म्हणाल्या. खोटं बोलून उपयोग नव्हता.

डॉक्टर तांबोळी घरी येऊन टाके पाहून गेल्या. "जीवाणूंना त्यांचं काम करू द्या. संध्याकाळपर्यंत वास गेला, तर बुरशी संपली. नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल. तोवर बाळाला लांब ठेवा, वरचं दूध द्या."

त्या दिवशी सुलभाताईंनी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावली नाही. घटकेघटकेला त्या वाकून हुंगत राहिल्या. दिवेलागणीला पुन्हा वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"आता कसला येतोय?" प्राजक्ताने दबक्या आवाजात विचारलं.

"दुधाचा. नुसता दुधाचा. गाऊन भिजलाय तुझा."

प्राजक्ताने डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"मग आण बाळाला इकडे," ती म्हणाली.