उजव्या पंखाचा माणूस

एकाच वेळी सुटणारी दोन्ही विमानं धक्क्यावरून वेळेवर काढली तर विमानतळावरच्या मुकादमाची बढती पक्की होती. म्हणून या विमानाच्या उजव्या पंखावर नजर ठेवणारा माणूस त्याने दुसऱ्या विमानाकडे पिटाळला होता.

"उजवीकडे माणूस आहे ना, दादा?" वैमानिकाने खाली उभ्या मुकादमाला हेडफोनवर विचारलं.

"आहे की!"

"हो, दिसला. पण हातांची फुली करून थांबवतोय."

मुकादमाने विमानाच्या पोटाखालून वाकून पाहिलं. पलीकडे चिटपाखरूही नव्हतं. खरं सांगायला मात्र जीभ रेटेना.

"नवखा आहे, साहेब. घाबरट. चला आपण."

ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं. उजवं चाक कशावरून तरी गेल्यासारखं हलकेच उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. खाली मोकळी जमीन होती.

"आता दिसत नाही हो तो," वैमानिक म्हणाला.

मुकादमाने मान खाली घालूनच अंगठा दाखवला. बढती त्याला मिळाली. किंमत मोजली, ती तिथे नसलेल्या माणसाने.