ऐकणारा परसराम

"कायले एवढे बोलून राहिले सर? कोनी आयकते का?" मागच्या बाकावरून आवाज आला आणि वर्ग खदाखदा हसला.

आनंदराव तसेच इतिहास शिकवत राहिले. अठ्ठ्याहत्तर साली भंडाऱ्याच्या एका कॉलेजात लागले, पण पोट्ट्यांनी त्यांना कधी मोजलंच नाही. चेहरा कोवळा, आवाज बारीक. स्टाफरूममध्येही त्यांचं वाक्य पुरं होईस्तोवर कुणी थांबत नसे. खोलीवर तर बोलायला नुसत्या भिंती.

एक परसराम तेवढा होता. आंधळगावचा, पहिल्या बाकावरचा. पापणी न लववता सरांकडे बघत बसायचा. सर फळ्याकडे वळले की त्याचा पेन थांबायचा, सर वर्गाकडे फिरले की पुन्हा सुरू. एवढा गुंग, की हजेरीला शेजाऱ्याने कोपर मारल्यावरच "येस सर" म्हणायचा! आपलं कुणीतरी ऐकतं, एवढ्यावरही माणूस जगतो हो. आनंदराव जगत होते.

दिवाळीत मामाकडे दिघोरीला गेले, तर मामा म्हणाला, "पोट्ट्यावानी दिसतेस, म्हून पोट्टे डोक्यावर बसतेत. मिशा ठेव बाप्पा!"

ठेवल्या. चांगल्या ओठ झाकणाऱ्या, झुपकेदार. आणि काय नवल, वर्ग चिडीचूप झाला!

परसराम मात्र बिघडला. कपाळाला आठ्या, वही कोरी. चाचणीत नापास झाला आणि मग यायचाच बंद झाला.

आनंदरावांना ते फार लागलं. ज्याच्यासाठी बोलायचं तोच उठून गेला. बाकीचे गप्प बसले काय नि न बसले काय! राजीनामा देऊन घरची धानाची शेती बघायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात मोहाडीच्या बाजारात परसराम पाठमोरा दिसला. आनंदरावांनी हाका मारल्या. पोराने मान वळवली नाही. एवढा राग? शेवटी त्यांनी जाऊन त्याचा खांदा धरला.

परसराम दचकला.

"काहून येत नाही रे तू? माझं काही चुकलं का?"

परसराम त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. आनंदरावांनी त्याचा खांदा हलवला.

"अरे, तू एकटाच तर आयकत होता माझं!"

परसरामने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "रागावू नका सर, अन् कोनाले सांगू नका. थ्या मिशा तेवढ्या कापा ना. तवापासून तुमचं बोलनं दिसतच नाही."